सुईवाल्यांची हाडं

२ फेब्रुवारी, शुक्रवार

हाडं मोजली. उणे दोन पूर्णांक तीन!

हाडं मोजतात म्हणजे निदान काहीतरी दुखेल, असं मला वाटलं होतं. छे. टेबलावर उताणं पडायचं, अंगावरून एक दांडा सरकत जातो आणि दहा मिनिटांत कागद हातात. शून्य म्हणजे तरण्या माणसाचं हाड. तिथून जेवढं खाली, तेवढं वाईट. उणे अडीचच्या खाली गेलं की हाड ठिसूळ. म्हणजे मी ठिसूळ नाही. मी ठिसूळच्या शेजारी घर बांधून राहतो.

डॉक्टर बिर्क म्हणाले, "सुयांमुळे." गेल्या ऑगस्टपासून दर तीन महिन्यांनी माझ्या पोटात एक सुई जाते. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, म्हणून ते हार्मोनच बंद करायचं. कॅन्सर उपाशी राहतो. पण हाडंही त्याच ताटात जेवत होती, हे मला कुणी आधी सांगितलं नाही. सांगितलं असेलही. तेव्हा मी खिडकीतून पार्किंगकडे बघत होतो.

"फुटबॉल खेळाल का?" त्यांनी विचारलं. मी एकाहत्तर वर्षांचा आहे! म्हणालो, "मी शेवटचा खेळलो तेव्हा चेंडूला नाडी असायची." तर आमच्याच गावच्या क्लबात प्रोस्टेटवाल्या म्हाताऱ्यांची एक टीम आहे म्हणे. धावायचं, थांबायचं, वळायचं, उडी मारायची — या हादऱ्यांनी हाड तग धरतं. नुसतं फिरायला जाऊन धरत नाही. अट एकच. ऑक्टोबरमध्ये परत मोजायचं. खुब्याचा आकडा उणे अडीचच्या खाली गेला, की मैदान बंद.

बोडिलने गाडीतूनच फोन करून माझं नाव घातलं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मला न विचारता तिने घेतलेला हा बहुधा चारशेवा निर्णय.

६ फेब्रुवारी, मंगळवार

शून्याखाली दोन. फ्योर्डच्या पाण्यावरून आलेला वारा थेट चड्डीत. चौदा म्हातारे, एक चेंडू आणि रिक्के.

रिक्के फिजिओथेरपिस्ट आहे, वय अठ्ठावीस, आवाज असा की फेरीबोटसुद्धा माघारी वळेल. "टोर्किल, गुडघे वाकव! तू काय कपाट आहेस?" मी एकोणपन्नास वर्षं सुतारकाम केलं. माझी कपाटं या गावात निम्म्या घरांत उभी आहेत आणि एकाचंही दार लोंबत नाही. कपाट असण्यात वाईट काय आहे?

गोलात आयविन. निवृत्त पाद्री. माझं लग्न यानेच लावलं, मुलीचा बाप्तिस्माही यानेच केला. चेंडू आला की दोन्ही हात पसरतो, त्याला आशीर्वाद देतो आणि जाळ्यात जाऊ देतो. पुढे विली. जन्मभर डुकरं पाळली, आता स्वतःच एकशे दहा किलो. धक्का मारायचा नाही, घसरून पाय घालायचा नाही, असा नियम आहे. विलीला त्याची गरजच नाही. तो नुसता वळला तरी लोक वाट देतात.

विसाव्या मिनिटाला विलीने अंगातला शर्ट काढला. शून्याखाली दोनमध्ये! लालबुंद, डोक्यातून वाफा. मला वाटलं, गेला. रिक्के घड्याळात बघत म्हणाली, "झळ आलीये, सुयांची. येते नि जाते." लगेच आणखी दोघांनी जाकिटं काढली. बाकावर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघून माना डोलावत होत्या. फार समाधानाने.

आणि एक. कुणी पडलं की खेळ थांबतो. सगळे जागच्या जागी उभे राहून कान देतात — मोडलं का? आज एकजण आपटला. तेरा म्हातारे श्वास रोखून उभे. तो खालूनच म्हणाला, "चष्मा." मग परत खेळ सुरू.

७ फेब्रुवारी

जिना उलटा उतरलो, रांगत. बोडिल खाली उभी राहून मोबाईलवर फोटो काढत होती.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या टीमला आज नाव मिळालं. सुईवाले! विलीची अक्कल. पाठीवर नंबराऐवजी पुढच्या सुईची तारीख छापावी, असाही त्याचा प्रस्ताव होता. आयविन म्हणाला, "मग रेफरी मला सोळा मे म्हणून हाक मारणार का?" प्रस्ताव बारगळला.

खेळ संपला की तिसरा हाफ. म्हणजे क्लबहाउसात कॉफी, बिअर, राय धान्याच्या काळ्या ब्रेडवर हेरिंग मासा. खरं तर पहिले दोन हाफ या तिसऱ्यासाठीच असतात. कुणाचं अजून गळतंय, कुणाचं थांबलं, कोण कुठला पॅड वापरतं — पावसाळी छपरांबद्दल गवंडी बोलतात तसं सगळे बोलतात. कुणाच्या छातीला दोन बारके उंचवटे आलेत, त्यावर विलीने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. पाद्रीच सगळ्यात मोठ्याने हसला.

एक गोष्ट कुणी विचारत नाही. "कसं वाटतंय?" गावात मला ब्रेड आणायला गेलो तरी विचारतात, मान तिरकी करून, आवाज खाली आणून. इथे कुणी मान तिरकी करत नाही. केली तर उसण भरते.

१९ मार्च

आज मलाही झळ आली. जेवताना. कानाच्या पाळीपासून निघाली नि गुडघ्यापर्यंत गेली. मी उठून खिडकी सताड उघडली, बनियन काढलं, थंडगार काचेला पोट टेकवून उभा राहिलो. समोरच्या घरातली बाई कुत्र्याला फिरवत होती. दोघंही थांबून बघत राहिली.

"मरणार मी!" मी म्हणालो.

बोडिल शांतपणे बटाटा सोलत होती. म्हणाली, "मला हे एक्कावन्नाव्या वर्षी झालं. सहा वर्षं चाललं. तेव्हा तू काय म्हणायचास आठवतं?"

मला आठवेना.

"म्हणायचास, खिडकी लाव, हीटर चालू आहे."

मी खिडकी लावली. मग परत उघडली. तिची सुरी जरा जोरात चालत होती.

३० मार्च, शनिवार

ईस्टरचं जेवण. मुलगी लोने, जावई, नातवंडं. बोडिलने माझ्या हाडांसाठी आघाडी उघडलीये. केलच्या पाल्याची भाजी, चीजचे गठ्ठे, घट्ट दही, काटे असलेले मासे काट्यांसकट, वर ड जीवनसत्त्वाची गोळी. माझ्या ताटाभोवती वेगळ्या वाट्या मांडलेल्या. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही बाळ आहात का?"

बोडिल स्वतः काय खाते? कॉफी. आणि माझ्या चीजच्या कडा. दूध तिला पचत नाही. "माझं काय मोजायचंय?" म्हणते.

२३ एप्रिल, मंगळवार

आयविन आज आला नाही. म्हणजे आला, पण कोट घालून, रेषेबाहेर. त्याची हाडं परवा मोजली. उणे दोन पूर्णांक आठ. मैदान बंद. आजपासून गोलात एक निवृत्त पोस्टमन. तो चेंडू पकडतो, ही त्याच्यातली मोठी उणीव. आम्हाला सवय नाही.

तिसऱ्या हाफला आयविन माझ्याशेजारी बसला. "तीन सेंटीमीटर कमी झालोय मी," म्हणाला. "मणके आतल्या आत दबतात. मला वाटत होतं झगा लांब झालाय!"

"दुखत नव्हतं?"

"दुखत होतं की. पण आपल्या वयात पाठ दुखली तर कोण डॉक्टरकडे जातं? म्हटलं, बागकाम."

सगळे हसले. तोही हसला. मग सगळ्यांचे कप गोळा करून धुवायला घेऊन गेला. चाळीस वर्षं ज्याच्या समोर अख्खं गाव उठून उभं राहायचं, तो आता आमचे कप धुतो. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. सुयांमुळे रडू येतं, असं डॉक्टर म्हणतात. बरी सोय आहे.

मला त्या मैदानातून बाहेर पडायचं नाही. लिहून टाकलं. फेब्रुवारीत मला तिथे ढकलून न्यावं लागलं, आणि आता कुणी ढकलून बाहेर काढलं तर मी काय करू? मंगळवारी साडेचारला कुठे जाऊ?

घरी येऊन आधी चौकटीला पाठ लावली. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट, मीच बसवलेली, चौऱ्याऐंशी साली. लोनेची दर वाढदिवसाची उंची त्यावर पेन्सिलने आहे, मग नातवंडांची, दर दशकाला आमचीही. डोक्यावर काटकोनी गुण्या ठेवला, रेघ मारली, मोजलं. एकशे ऐंशी. सत्तराव्या वर्षी होतो तेवढाच. आता दर महिन्याला मापणार.

२८ मे, मंगळवार

बोडिल दर वेळी घडीची खुर्ची घेऊन येते, मैदानाच्या कडेला बसते, विणते. आज रिक्के तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बोडिल, बसून काय राहतेस? ये, आमच्याबरोबर उड्या मार."

"मला कशाला? आजारी तो आहे," बोडिल म्हणाली.

रिक्के माझ्याकडे बघत होती. मीच उत्तर दिलं, "तिला विणायचं असतं." वर एक जोडलं, "आणि ती आली तर आमच्यात गोल कोण मारणार? तीच मारेल!" बायका हसल्या. माझा विनोद चालला. रिक्के गेली.

४ जून

उंची एकशे ऐंशी. पोट दोन सेंटीमीटरने कमी. विली म्हणतो, गेलेलं पोट नाहीसं होत नाही, दुसऱ्या कुणाच्या अंगावर जातं. त्याच्या अंगावर आलंय हे उघड आहे.

९ जुलै

उन्हाळी सुट्टी. खेळ बंद. हाडं नुसती पडून आहेत. मी मागच्या अंगणात एकटाच उड्या मारतो. शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारलं, "टोर्किल, मुंगळे आहेत का?"

बोडिलचा हात वरच्या फळीवरच्या कपांना पोचेना. टाचा उंच करून, बोटांनी चाचपत, "पाठ आज अगदी कामातून गेलीये" असं पुटपुटत. काल बटाटे काढले ना तिने, तासभर वाकून. मी म्हणालो, "हे कप काही वाढलेले नाहीत, बाईसाहेब!" तिने फडका फेकून मारला.

पण सुतार घरात असताना बाईने टाचा कशाला उंचवायच्या? दुपारी फळी काढली, चार बोटं खाली बसवली, नवे स्क्रू, लेव्हल लावून बघितली. बुडबुडा बरोब्बर मध्ये. तिला बोलावून दाखवलं. तिने हात वर केला, कप घेतला. काम फत्ते! तासाभरात.

१३ ऑगस्ट, मंगळवार

परत मैदान. सहा आठवड्यांत सगळे मऊ पडलेत. रिक्केने फक्त उड्या मारायला लावल्या. चाळीस! उतरताना टाच आदळली पाहिजे, आवाज आला पाहिजे. "हाडाला कळू दे की अजून काम आहे!" ती ओरडते. क्लबहाउसाच्या काचा थरथरत होत्या.

विलीची सुई बदलली. नुसती सुई पुरत नाही म्हणे, आता गोळ्याही. त्याने सांगितलं, आम्ही ऐकलं, मग कुणीतरी विचारलं, "गोळ्या खाऊन तू अजून जाड होणार का?" विली म्हणाला, "तशी आशा आहे." त्याने आज तीन गोल मारले. पोस्टमन अडवू शकला असता. अडवले नाहीत.

३१ ऑगस्ट, शनिवार

फ्योर्डपलीकडच्या सुईवाल्यांशी सामना! त्यांचं नाव काहीतरी भारदस्त आहे, पण आजार तोच. सहा-एक हरलो. त्यांच्यात एक बासष्ट वर्षांचा आहे. हा सरळसरळ अन्याय आहे.

दुसऱ्या हाफमध्ये मी पडलो. चेंडूमागे धावताना माझाच एक पाय माझ्याच दुसऱ्या पायात. डाव्या खुब्यावर, सगळं वजन. ओल्या गवतात धप्पकन आवाज. आणि मग ती शांतता! दोन्ही टीम, रिक्के, आयविन, सगळ्या बायका. नुसता वारा आणि झेंड्याच्या दोरीची काठीवर टकटक. मी पडल्या पडल्या स्वतःच्या आत कान लावला. फेब्रुवारीतलं उणे दोन पूर्णांक तीन आठवलं. बोडिल खुर्चीतून उठून उभी होती, लोकरीचा गुंडा घरंगळत रेषेच्या आत आलेला.

"टोपी," मी म्हणालो.

जो काय ओरडा झाला! असा आमच्या एकुलत्या गोललाही झाला नव्हता. रिक्केने मला हात देऊन उठवलं. बोडिल परत बसली, हळू, खुर्चीच्या हातांना धरून. चेहरा पांढराफटक. मला बरं वाटलं. अजून माझी काळजी वाटते म्हणायची.

१४ सप्टेंबर, शनिवार

बोडिल सत्तर वर्षांची! सकाळी रिवाजाप्रमाणे झेंडा चढवला, टेबलावर कागदी झेंडे, थरांचा केक, चाळीस माणसं. विलीने अर्धं डुक्कर आणलं. आयविनने भाषण केलं; पाद्री असल्यामुळे ते संपायला वेळ लागला. लोनेने गाणं रचलं होतं, चालीवर बसत नव्हतं, सगळे जोरात म्हणाले.

मग चौकट. आमच्याकडे दशकाचा वाढदिवस म्हणजे चौकट आलीच. मी कानावर पेन्सिल खोचून, गुण्या घेऊन तयार. बोडिलने बूट काढले, पाठ लावली. साठाव्या वर्षाची रेघ एकशे अडुसष्टवर. मी डोक्यावर गुण्या टेकवला.

एकशे चौसष्ट.

"वाकून उभी राहू नकोस," मी म्हणालो.

"सरळच उभी आहे."

"टाचा मागे घे."

"मागेच आहेत, टोर्किल."

मागून विली ओरडला, "बोडिल खचली! पाया तपासा!" सगळे हसले. चाळीस माणसं ग्लास हातात घेऊन माझ्या हाताकडे बघत होती. दहा वर्षांपूर्वी तिचे केस वर फुगवलेले होते, ते असणार. आता कसे चप्प बसवलेत.

मी गुण्या वर सरकवला, जुन्या रेघेवरच नवी रेघ ओढली, तारीख घातली. "एकशे अडुसष्ट! तस्सूभर कमी नाही!" चार सेंटीमीटर नवऱ्याकडून भेट, हे मनातल्या मनात. टाळ्या. बोडिलने माझ्या गालाचा मुका घेतला. त्यासाठी तिने टाचा उंचावल्या.

१५ सप्टेंबर

भांडी धुतली. डोकं जड. एकोणपन्नास वर्षांत गिऱ्हाइकाकडे एक माप खोटं लिहिलं नाही. जाऊ दे. वाढदिवस होता.

१ ऑक्टोबर, मंगळवार

उंची एकशे ऐंशी. चौकटीजवळ उभं राहून फक्त माझ्याच रेघा बघितल्या. हाडं मोजायला चोवीस दिवस राहिले. रिक्के म्हणते, "आकड्याचा विचार करू नकोस." हे ती अशा माणसाला सांगतेय ज्याने जन्मभर मिलिमीटरवर पोट भरलं.

आज आयविन गोलाच्या मागे उभा राहून पोस्टमनला सूचना देत होता. "हात पसर! पसर हात!" पोस्टमनने पसरले. चेंडू गेला. आयविन खूष.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

उणे दोन पूर्णांक एक!

परत वाचलं. कागद उलटा धरला नाही ना, तेही बघितलं. खुबा उणे दोन पूर्णांक एक. सुयांनी हाड कमी व्हायला हवं होतं, आणि वाढलंय! डॉक्टर बिर्क म्हणाले, "सुया चालू असताना आकडा नुसता टिकला तरी आम्ही खूष असतो." मी त्यांना मिठी मारली. त्यांना सवय नव्हती. त्यांच्या खिशातलं पेन माझ्या बरगडीत घुसलं, बरगडी मोडली नाही!

बोडिल बाहेर बसली होती. तिला कागद दिला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि रडायला लागली. तिला तर सुया नाहीत. मी म्हणालो, "अगं, जिंकलो आपण." ती म्हणाली, "हो. आता मी जरा बसूनच राहते."

तिसरा हाफ आज शुक्रवारीच. विलीने मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. रिक्केने शिट्टी वाजवून थांबवला.

१० नोव्हेंबर, रविवार

काल बोडिल पडली.

स्वयंपाकघरात. फरशी कोरडी, सतरंजी नाही, वाटेत काही नाही. फ्रिजकडून वळली, हातात माझं चीज होतं. उभ्या उभ्या कोसळली. मी टेबलाशी पेपर वाचत होतो. मी ऐकलं. पातळ पट्टी गुडघ्यावर धरून मोडावी तसा आवाज. आणि मग मीही सगळ्यांसारखाच गप्प उभा राहिलो, कान देऊन. ती काहीच म्हणेना. चष्मा नाही, टोपी नाही. मग म्हणाली, "टोर्किल, मला हलवू नकोस."

खुबा मोडलाय. डावा. माझा जो गवतावर आदळला आणि टिकला, तोच. संध्याकाळी ऑपरेशन झालं, खिळा घातलाय. आज सकाळी डॉक्टर आली, तरुण बाई, पायांत ठिपक्याठिपक्यांचे मोजे. म्हणाली, "फोटोत मणकेही दिसले. दोन दबलेले आहेत, जुने आहेत. पाठ दुखत नव्हती?"

"बागकाम," बोडिल म्हणाली. आवाज अगदी बारीक.

"हाडं कधी मोजली होती?"

बोडिलने माझ्याकडे बघितलं. तिच्या पर्समध्ये हाडांचा कागद आहे, पण तो माझा आहे.

"उंची किती?" डॉक्टरने विचारलं.

"एकशे अडुसष्ट. आत्ता सप्टेंबरमध्ये मापली," बोडिल म्हणाली. "हा सुतार आहे."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. मग मला विचारलं, "उंची कमी झालीये, वाकल्यासारखी वाटतेय, असं घरात कुणाच्या लक्षात आलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

साडेचार वाजले. मैदानावर गेलो नाही. सप्टेंबरची रेघ खोडली, चार सेंटीमीटर खाली खरी ओढली, तारीख तीच घातली. फुगवलेले केस वगैरे काही नव्हतं. पेन्सिल हातात असतानाच मला आयविनचे तीन सेंटीमीटर आठवले होते. पण या घरात या वर्षी फक्त माझीच हाडं मोजायची होती.

मग हॉस्पिटलला फोन लावला. ठिपक्यांच्या मोज्यांची डॉक्टर लाइनवर येईपर्यंत चौकटीला धरून उभा राहिलो. तिला सांगितलं, "एकशे चौसष्ट लिहा. मला माहीत होतं. मीच मापलं होतं."